‘लीज अँड लीफ’: गिटारच्या आधी ड्रमकडे कान द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच जणांचा बँड आहे, गाणारी, गिटार, बास, कीबोर्ड आणि ड्रम. जात्यावरच्या ओव्या आणि गोंधळाची गाणी रॉकच्या अंगानं बसवायची आहेत. ज्याला विचारावं तो सांगतो, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम ऐका. तुम्ही ऐकलात, बरा वाटला, पण त्याला एवढं डोक्यावर का घेतात ते काही कळलं नाही. तो कसा ऐकायचा आणि त्यातून घ्यायचं काय?

तुमचं काही चुकलेलं नाही. हा अल्बम २ डिसेंबर १९६९ ला आला आणि त्यानंतर जुन्या गाण्याला इलेक्ट्रिक गिटार लावायचं काम इतक्यांनी केलं की आज ऐकणाऱ्याला त्याचं नवल वाटत नाही. त्यातून तुम्ही गिटार ऐकायला बसला असाल तर निराशाच होणार. रिचर्ड थॉम्पसन हा मोठा गिटारवादक, पण इथे तो बराच वेळ मागे उभा आहे. मी अरेंजमेंटचं काम करतो, लोकगीतं बँडसाठी बसवण्यात बरीच वर्षं गेली, आणि माझं मत आता पक्कं झालंय: या अल्बमचं खरं काम ड्रम आणि बासनं केलेलं आहे. जुनी गाणी विजेच्या वाद्यांवर वाजवणारे त्यांच्या आधीही होते. गाण्यातली गोष्ट पाहून ठेका ठरवायचा, हे मात्र या लोकांनी नीट करून दाखवलं. तुम्हाला जे करायचंय त्यात नेमकं हेच अडणार आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी माणसं कोण ते पाहू. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन १९६७ मध्ये उत्तर लंडनमधल्या मझवेल हिलच्या पोरांनी काढला. ‘फेअरपोर्ट’ हे गिटारवादक सायमन निकोलच्या घराचं नाव, तिथेच त्यांच्या तालमी चालायच्या. बासवर अॅशली हचिंग्ज, गिटारवर थॉम्पसन आणि निकोल, ड्रमवर थोड्याच दिवसांत आलेला मार्टिन लँबल, गायला जुडी डायबल. सुरुवातीला ही मंडळी अमेरिकन गाणी वाजवायची, बॉब डिलन, जोनी मिचेल वगैरे. इंग्लंडच्या खेड्यापाड्यातल्या गाण्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. १९६८ मध्ये जुडी गेली आणि सँडी डेनी आली. ती लंडनच्या फोक, म्हणजे लोकगीतांच्या, क्लबांमधून गात आलेली, त्यामुळे तिच्याकडे पारंपरिक गाण्यांचा साठा होता. तालमीच्या खोलीत ती गाणी तिच्याबरोबर आली.

पहिली ठिणगी पडली ती ‘अनहाफब्रिकिंग’ या आधीच्या अल्बमवर. त्यातलं ‘अ सेलर्स लाइफ’ हे अकरा मिनिटांचं गाणं आधी ऐका, ‘लीज अँड लीफ’ नंतर. एकाच टेकमध्ये झालेलं रेकॉर्डिंग आहे. पाहुणा म्हणून डेव्ह स्वारब्रिक व्हायोलिन घेऊन आलाय. तो तेव्हा फोकच्या जगातला नावाजलेला वादक, गायक-गिटारवादक मार्टिन कार्थीचा जोडीदार. सँडी गोष्ट सांगते, तिच्या भोवती वाद्यं हळूहळू भरत जातात, आणि ती थांबल्यावर गिटार आणि व्हायोलिन एकमेकांना भिडतात. पण तुम्ही ऐकायचं ते लँबलला. गाण्याच्या पूर्वार्धात ठेका असा नाहीच. सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या पितळी थाळीवर, लाटा येतात आणि ओसरतात. ठेका उभा राहतो तो गाणारी बाजूला झाल्यावर. एकोणीस वर्षांच्या पोराला ही समज कुठून आली कोण जाणे.

‘अनहाफब्रिकिंग’ बाजारात यायच्या आत लँबल गेला. १२ मे १९६९ ला बर्मिंगहॅमच्या ‘मदर्स’ क्लबमधला कार्यक्रम आटोपून परतताना एम-१ महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात लँबल आणि थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला, बाकीचे जखमी झाले. सँडी त्या गाडीत नव्हती. बँड चालू ठेवायचा की नाही इथपासून प्रश्न होता. चालू ठेवायचं ठरलं तेव्हा लँबलबरोबर वाजवलेली जुनी गाणी पुन्हा काढायची नाहीत, हेही जवळपास ठरल्यासारखंच झालं. त्यात ‘द बँड’ या कॅनेडियन-अमेरिकन गटाचा १९६८ चा ‘म्यूझिक फ्रॉम बिग पिंक’ सगळ्यांच्या डोक्यात होता. अमेरिकन मुळांतून तिकडचे लोक इतकं अस्सल काही काढत असतील तर लंडनच्या पोरांनी त्यांची नक्कल कशाला करायची? आपल्या मातीतलं काय आहे ते बघू, असा तो विचार.

निर्माता जो बॉइड, स्वतः अमेरिकन. त्याच्या विचसीझन कंपनीनं त्यांच्यासाठी हॅम्पशरमध्ये विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन गावात मोठं घर भाड्यानं घेतलं. १९६९ चा उन्हाळा तिथे गेला. एका प्रशस्त खोलीत सगळी वाद्यं मांडलेली, बाहेर हिरवळीवर फुटबॉल. स्वारब्रिक आता पूर्णवेळ बँडमध्ये आला होता. वयं पाहा: निकोल अठरा, थॉम्पसन वीस, सँडी बावीस, हचिंग्ज चोवीस, आणि अठ्ठावीस वर्षांचा स्वारब्रिक सगळ्यांत वडील. एक मोठं दुःख नुकतंच झालेलं, आणि एका घरात एकत्र राहून दिवसभर वाजवायचं. या अल्बमचा जो घट्टपणा आहे तो त्या घरातला आहे. नुसत्या स्टुडिओत बसून असं जमत नाही.

हचिंग्ज या काळात संशोधकासारखा कामाला लागला. लंडनमधल्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन बसायचा, गाण्यांचे पाठ शोधायचा. सेसिल शार्पनं १९०३ पासून इंग्लंडच्या खेड्यांत फिरून शेकडो गाणी टिपली. त्याच्याही आधी हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या प्राध्यापकानं इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतं गोळा करून, एकेका गाण्याचे जितके मिळतील तितके पाठ शेजारी शेजारी छापले होते. एकूण ३०५ कथागीतं, प्रकाशन १८८२ ते १८९८. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ही चाइल्डच्या यादीत ८१ क्रमांकाची, ‘टॅम लिन’ ३९ क्रमांकाची. एका गाण्याचे दहा पाठ समोर असले की त्यातून कडवी निवडून स्वतःचा अकरावा पाठ तयार करता येतो. हचिंग्ज आणि मंडळींनी तेच केलं, आणि पूर्वापार गायकही तेच करत आले आहेत.

इथे तुमच्यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे हे काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी मूळ आवाजात ऐकायला मिळतात. बँडवाले बहुतेक वेळा सिनेमातून किंवा कॅसेटमधून आलेली चार-पाच गाणीच पुन्हा पुन्हा उचलतात. हचिंग्जकडून पहिली गोष्ट घ्यायची ती ही: वाद्य हातात घ्यायच्या आधी गाणी शोधायला बसा.

आता ड्रमर. लँबलच्या जागी आला डेव्ह मॅटॅक्स, वय एकवीस. हा ना रॉकवाला, ना फोकवाला. नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडमधून तो आला होता. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जे सांगतील ते, आणि समोर माणसं नाचतायत म्हणजे लय रेसभरही हलता कामा नये. लोकसंगीताची त्याला माहिती नव्हती, आणि माझ्या मते हे फार बरं झालं. रॉक ड्रमरला सवयी असतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) आणि चार ओळी झाल्या की एक रोल, हे हात आपोआप करतात. मॅटॅक्सला समोरच्या चालीकडे बघून, हिला लागतंय काय, हे विचारावं लागलं.

त्याचं उत्तर ‘टॅम लिन’मध्ये ऐका. आधी गोष्ट. जॅनेट नावाची मुलगी मनाई असलेल्या कार्टरहॉच्या रानात जाते आणि गुलाब तोडते. टॅम लिन प्रकट होतो. पुढे तिला दिवस जातात. ती पुन्हा रानात जाते तेव्हा कळतं की तो मूळचा माणूसच, पण पऱ्यांच्या राणीच्या कैदेत आहे, आणि दर सात वर्षांनी पऱ्या नरकाला जो बळी देतात तो यंदा बहुधा त्याचाच. हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, रात्री पऱ्यांची स्वारी जाईल, तेव्हा पांढऱ्या घोड्यावरून त्याला खाली ओढायचं आणि काही झालं तरी मिठी सोडायची नाही. मिठीत त्याचा साप होईल, सिंह होईल, तरी सोडायचं नाही. ती सोडत नाही, आणि राणी हरते.

हे गाणं सात मिनिटांहून मोठं आहे, ध्रुवपद नाही, एकाच चालीवर कडव्यामागून कडवं. सपाट ठेका लावला असता तर तिसऱ्या कडव्याला ऐकणारा उठून गेला असता. त्यांनी केलं काय? मोजणी तीनच्या अंगाची ठेवली, आणि गिटार, बास, ड्रम या तिघांनी मिळून तुटक आघात द्यायचे. आघात, मग रिकामी जागा, पुन्हा आघात. ती रिकामी जागा महत्त्वाची. सँडी त्या जागेतून शब्द सरकवते. ऐकताना पाय ठोकायला गेलात की पाय चुकतो, नेमका कुठे पडावा तेच कळत नाही. रानात काहीतरी दबा धरून आहे ही भावना शब्दांत कमी आणि त्या ठेक्यात जास्त आहे. पऱ्यांची गोष्ट म्हणून घंट्या-बासऱ्या लावायचा मोह कुणालाही झाला असता. इथे पऱ्या भयंकर आहेत, आणि ते बासनं सांगितलंय. पुढच्या वेळी हेडफोन लावून फक्त हचिंग्जचा बास ऐका, बाकी सगळं विसरा. सूर थोडे, पण एकेक सूर जिथे सोडतो तिथे तो हातानं दाबून बंद करतो. जड रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) असूनही गाणं चिखलात रुतत नाही ते त्यामुळे.

दुसऱ्या टोकाला ‘रेनार्डाइन’. रानात भेटलेला देखणा परका माणूस, आणि त्याच्यात कोल्ह्याचं काहीतरी असल्याची शंका. इथे ताल नाहीच, आपल्या भाषेत अनिबद्ध गाणं. व्हायोलिन आणि गिटार सूर धरून बसतात, मॅटॅक्स सिंबलवर फक्त श्वासाइतका आवाज करतो, सँडी हवा तितका वेळ घेते. लँबलनं ‘अ सेलर्स लाइफ’मध्ये जे दार उघडलं होतं त्यातून मॅटॅक्स आत गेलाय असं मला हे ऐकताना वाटतं. जाता जाता, या गाण्यातला गूढपणा जितका जुना वाटतो तितका तो नाही. ए. एल. लॉइड या अभ्यासक-गायकानं ते गाणं हाताळताना कोल्ह्याचा रंग गडद केला आणि तोच पाठ क्लबांमधून पसरला. अभ्यासक त्याच्यावर नाराज आहेत. गाणारे त्याचे ऋणी आहेत, मी त्यांच्या बाजूनं.

‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हे तिसरं उदाहरण आणि बँडसाठी सगळ्यांत सोपा धडा. सणाचा दिवस, चर्चमध्ये आलेली लॉर्ड डार्नेलची बायको मॅटी नावाच्या साध्या पोराला घरी बोलावते. नोकर ऐकतो, ओढा पोहून धन्याकडे धावतो. पहाटे दोघांना जाग येते तेव्हा डार्नेल पलंगाच्या पायथ्याशी उभा. गादी कशी वाटली, चादरी कशा वाटल्या, असं विचारतो. मॅटीच्या हातात चांगली तलवार देतो आणि स्वतः साधी घेतो, नागड्या माणसाला मारलं असं कुणी म्हणायला नको. मॅटी मरतो. मग बायकोला विचारतो, आता कोण आवडतं? ती सांगते, तुझ्या सगळ्या थाटापेक्षा मेलेल्या मॅटीचं एक चुंबन बरं. तो तिलाही मारतो. शेवटी दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला सांगतो, पण बायकोला वर ठेवा म्हणतो, कारण ती थोरा घरची. मेल्यावरही उतरंड सुटत नाही.

सँडी हे सगळं कसं गाते ते पाहा. डार्नेलचा आवाज काढत नाही, रडत नाही, कुठे थरथर नाही. बातमी सांगावी तशी सांगते, आणि म्हणूनच चादरींचा प्रश्न अंगावर येतो. वाद्यंही मध्येमध्ये नाचत नाहीत, कडव्यांमधल्या जागा लहान ठेवल्यात, म्हणजे पुढे काय झालं ही उत्सुकता तुटत नाही. ठेका इथे सरळ आणि चालता आहे, कारण या गोष्टीत सगळे कुठेतरी धावतायत. आणि शेवटचं कडवं संपलं की मग बांध फुटतो. आठ मिनिटांच्या गाण्यात जवळपास शेवटचा तिसरा हिस्सा फक्त वाद्यांचा आहे, थॉम्पसन आणि स्वारब्रिक, एक बोलतो तोवर दुसरा थांबायलाच तयार नाही. आपले बँड सोलो मधोमध टाकतात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी. कथागीतात ते करू नका. गोष्ट संपू द्या, मग हात मोकळे सोडा.

बाकीची गाणी भराभर सांगतो. ‘कम ऑल ये’ हे सँडी आणि हचिंग्ज यांनी लिहिलेलं सुरुवातीचं गाणं, सगळ्यांना बोलावणारं आणि बँडच्या वाद्यांची ओळख करून देणारं. तमाशातला गण जे काम करतो तेच. खरं सांगायचं तर पूर्ण अल्बममध्ये हेच मला सगळ्यांत फिकं वाटतं. ‘द डिझर्टर’ ही सैन्यातून पुन्हा पुन्हा पळणाऱ्या शिपायाची गोष्ट, शेवटी प्रिन्स अल्बर्ट येऊन त्याला सोडवतो. नेटकं गायलंय, बस. वाद्यांची चार चालींची जी मालिका आहे ती पूर्ण आयरिश नाचाच्या चालींची, आणि तिथे स्वारब्रिक मालक आहे. नाचाच्या हॉलमधून आलेल्या ड्रमरचा तिथे किती फायदा झाला ते वेगळं सांगायला नको.

‘फेअरवेल, फेअरवेल’ला मात्र थांबा. शब्द थॉम्पसनचे, अपघातानंतरच्या महिन्यांतले, आणि चाल ‘विली ओ’विन्सबरी’ या जुन्या कथागीताची. या चालीची कहाणी मजेशीर आहे. स्वीनीज मेन या आयरिश गटाच्या अँडी अर्व्हाइननं पुस्तकातून शब्द एका गाण्याचे घेतले आणि गडबडीत चाल उचलली ती भलत्याच गाण्याची. ती इतकी बसली की आज ‘विली ओ’विन्सबरी’ बहुतेक त्याच चालीवर गातात. परंपरेच्या शुद्धतेवरून तुमच्याशी कुणी वाद घालायला आलं तर हे त्याला सांगा. शेवटचं ‘क्रेझी मॅन मायकेल’ हे शब्द थॉम्पसनचे, चाल स्वारब्रिकची. माहीत नसलेल्याला ते तीनशे वर्षं जुनं वाटेल. मायकेल कावळ्याला मारतो आणि बघतो तर मेलेली त्याची प्रिया. ते ज्या वर्षी लिहिलं गेलं ते वर्ष आठवून ऐकलं की त्यातली अपराधी भावना वेगळीच लागते. थॉम्पसननं कशावर लिहिलं याचा अंदाज बांधण्यात मला रस नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते येणारच.

रेकॉर्डिंग लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत झालं, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६९ मध्ये. पूर्वी ती दुधाची डेअरी होती. रेकॉर्डिंग करणारा जॉन वुड. त्याचा ड्रमचा आवाज नीट ऐका: कोरडा, जवळचा, घुमारा जवळजवळ नाही. आजकाल लोकगीत म्हटलं की लगेच दरीत गायल्यासारखा रिव्हर्ब लावतात, म्हणजे ‘मातीचा’ आवाज येतो म्हणे. खेड्यातल्या माजघरात कुठला आलाय रिव्हर्ब? वुडनं आवाज खोलीतच ठेवलाय, म्हणून पन्नासहून जास्त वर्षांनीही सँडी समोर बसून गातेय असं वाटतं.

स्टुडिओत शिरण्याआधी २४ सप्टेंबर १९६९ ला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी ही गाणी लंडनला ऐकवली. त्या संध्याकाळी आधी गायला निक ड्रेक होता. अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेला. पण तो दुकानात आला तेव्हा ही सहा माणसं एकत्र राहिलीच नव्हती. सँडीला स्वतःची गाणी लिहायची होती, तिनं ‘फॉदरिंगे’ हा बँड काढला. हचिंग्जला परंपरेत अजून खोल जायचं होतं, त्यानं ‘स्टीलाय स्पॅन’ हा बँड काढला. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून हा निवडला, आणि तो करणारा संच जेमतेम अर्धं वर्ष टिकलेला.

सँडी पुढे १९७१ मध्ये लेड झेपलिन या रॉक बँडच्या ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये गायली, चार सोलो अल्बम केले, आणि १९७८ मध्ये एकतिसाव्या वर्षी पडल्याचं निमित्त होऊन गेली. स्वारब्रिक २०१६ मध्ये गेला. त्याआधी १९९९ मध्ये तो कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात आजारी असताना डेली टेलिग्राफनं त्याचा मृत्युलेख छापून टाकला होता. कॉव्हेंट्रीत मी मरायची ही काही पहिली वेळ नाही, असं त्यावर त्याचं म्हणणं.

ड्रमचा मुद्दा पुढे कसा गेला ते पाहणं तुमच्या जास्त उपयोगाचं. स्टीलाय स्पॅनच्या ‘हार्क! द व्हिलेज वेट’ या १९७० च्या पहिल्या अल्बमवर ड्रम आहेत, आणि वाजवणाऱ्यांत पुन्हा मॅटॅक्सच आहे, जेरी कॉनवेच्या जोडीनं. पुढच्याच वर्षीच्या ‘प्लीज टू सी द किंग’मध्ये हचिंग्जनं ड्रम काढूनच टाकले. मार्टिन कार्थी आला, तोही इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि गाण्याला लय दिली ती गिटारच्या आणि बासच्या आघातांनी. हे दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐका. तोच बासवादक, मॅडी प्रायर ही गायिका तीच, तीच परंपरा; काही माणसं बदललीत, पण कानाला जाणवणारा मोठा फरक ड्रमचा. लोकगीताला ड्रम लागतोच का, हा प्रश्न तुमच्या तालमीत कुणी विचारला नसेल. एकदा विचारून बघा.

थोडं श्रेय वाटूनही द्यायला हवं. पेंटँगल या ब्रिटिश गटाचा ‘बास्केट ऑफ लाइट’ त्याच वर्षी, थोडा आधी आला, जास्त खपला, आणि टेरी कॉक्सचा ड्रम त्यात जॅझच्या अंगानं फार नाजूक आहे. अमेरिकेत तर बर्ड्स या बँडनं १९६५ पासूनच डिलनची गाणी विजेवर चढवली होती. ‘पहिला’ वगैरे वादात मी पडत नाही. आणि ‘इंग्लिश’ फोक-रॉक हा शब्दही सैलच धरायचा. ‘टॅम लिन’ स्कॉटलंडच्या सीमेवरचं, नाचाच्या चाली आयर्लंडच्या, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ची चाल अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांतल्या ‘शेडी ग्रोव्ह’ या गाण्याला लागून. नाव काही का असेना, जमलंय.

आता तुमच्या बँडचं. ओवीला कीबोर्डवर कॉर्ड आणि खाली चार मात्रांचा रॉक ठेका, ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते. ती बाजूला ठेवा. जात्यावरची ओवी ही जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबते-आखडते. ‘बाई’, ‘गं’ हे शब्द बायका उगाच घालत नाहीत, श्वास आणि फेरा जुळवायला घालतात. ड्रमरनं ठेका बांधला की ते शब्द अडचणीचे वाटू लागतात, मग ते गाळले जातात, आणि उरतं ते कुठल्याही गाण्यासारखं गाणं. मी तालमीत आधी गाणारीला एकटीला गायला लावतो आणि ड्रमरला उजव्या हातातली काठी खाली ठेवायला सांगतो. डाव्या हातानं, तेही सिंबलच्या कडेवर, ती श्वास घेते तिथेच फक्त आवाज करायचा. ड्रमर वैतागतात. पण थोड्या वेळानं त्यांना गाण्याचे सांधे दिसायला लागतात, आणि मग किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) कुठे हवी, कुठे नको, हे ते स्वतःच सांगतात. काही ओव्यांना तालच नको असं निघेल. त्यांचं ‘रेनार्डाइन’ करा.

गोंधळाचं गणित वेगळं. तिथे संबळ आहे, म्हणजे ठेका आधीच ठरलेला आणि जबरदस्त आहे. ड्रमसेटनं संबळाची नक्कल केली की दोन्ही फसतात. संबळवाल्याला बोलवा, त्याला त्याचं वाजवू द्या, आणि ड्रमरला फक्त किक आणि खालचा टॉम (जड आवाजाचा ड्रम) द्या. तुणतुण्याचं काम गिटारकडे. एक तार धरून ठेवायची, कॉर्ड बदलायच्या नाहीत. थॉम्पसन हे फार करतो. तो एक सूर धरून ठेवतो आणि चाल दुसऱ्या तारेवर फिरवतो, बॅगपाइपमध्ये असते तशी. तुमच्या कीबोर्डवाल्याला वाईट वाटेल, पण पहिल्या तीन गाण्यांत त्याला षड्ज-पंचमाशिवाय काही देऊ नका.

ऐकायचा क्रम असा ठेवा: ‘अ सेलर्स लाइफ’, मग ‘रेनार्डाइन’, ‘टॅम लिन’, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’, आणि नंतर अल्बम सलग. ‘लीज अँड लीफ’ची २००२ नंतरची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, कारण त्यात मूळ अल्बमवर न आलेलं ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ सँडीच्या आवाजात आहे. तेच गाणं बँडनं १९७० च्या ‘फुल हाउस’वर पुन्हा केलं, सँडीशिवाय, हचिंग्जच्या जागी डेव्ह पेगचा बास घेऊन. ड्रमवर दोन्हीकडे मॅटॅक्स. ड्रमर आणि बासवादकाला ही दोन रेकॉर्डिंग द्या आणि फरक लिहून आणायला सांगा. पुढच्या तालमीची सुरुवात त्या कागदापासून करा.